जुन्या अ‍ॅनिमेशन फँटसीच्या डीव्हीडी सवलतीत मिळतायत : काय उचलू, काय सोडू?

कातळसडा :
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने.

रत्नागिरीत एक जुनं सीडी-डीव्हीडी भाड्याने देणारं दुकान आहे. हल्ली तिथे झेरॉक्स आणि मोबाइलची कव्हरंच खपतात. मालक आता गाळा सोडतायत, त्यामुळे मागच्या खोलीतली खोकी बाहेर आली आहेत. हिंदी-मराठी माल लोकांनी कधीच उचलला. उरलंय ते इंग्रजी, आणि त्यातलं निम्मं माझ्या आवडीचं : हाताने काढलेले जुने अ‍ॅनिमेशनपट, राक्षस, चेटकिणी, बोलणारे प्राणी वगैरे. डीव्हीडी ६० रुपये, ब्ल्यू-रे २००, व्हीसीडी १० ला एक. एकदम जास्त घेतल्या तर अजून खाली उतरतील असं म्हणाले.

आमचं घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळाच्या पठाराच्या खालच्या अंगाला. रेंज विहिरीपाशी येते, तीसुद्धा विहिरीच्या एकाच बाजूला. मे महिन्यात भावाची-बहिणीची पोरं येतात आणि ऊन उतरेपर्यंत माजघरात एकमेकांच्या झिंज्या उपटतात. टीव्ही आहे, इन्व्हर्टर आहे, जुना डीव्हीडी प्लेयर आहे. ब्ल्यू-रे प्लेयर नाही, पण स्वस्तात मिळाला तर बघू.

कुठल्या घ्याव्यात? आणि जुन्या डिस्कमध्ये काय तपासायचं?

चाकरमानी_डोंबिवली :
डिस्क? अहो, आता कोण घेतं? घिब्ली या जपानी स्टुडिओचे बहुतेक सिनेमे २०२० पासून नेटफ्लिक्सवर आहेत. गावी येताना टॅबवर डाउनलोड करून आणायचे, विषय संपला.

कातळसडा :
टॅब एक, पोरं सहा. शिवाय त्या डाउनलोडला मुदत असते. ती नेमकी वाडीत पोचल्यावर संपते आणि वाढवायला नेट लागतं. मग टॅब घेऊन विहिरीवर.

तिसऱ्या_कालवं :
विहिरीवर टॅब 😂 पडला की गळ टाकून काढा.

फिल्मी_भुंगा :
कातळसडा, आधी व्हीसीडीचं खोकं बाजूला ठेवा. १० रुपयांतसुद्धा नको. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. म्हणजे चौपट फरक, आणि आताच्या मोठ्या टीव्हीवर व्हीसीडीतल्या परीचं नाक कुठे आणि डोळा कुठे तेही कळत नाही. त्यात सिनेमा दोन डिस्कवर, ऐन लढाईत उठून बदला. अपवाद एकच : एखाद्या व्हीसीडीवर हिंदी डबिंग असेल आणि ते दुसरीकडे कुठे मिळत नसेल तर.

आता सिनेमे. मी नावं सांगतो, पण प्रत्येकाबरोबर कव्हरच्या मागे काय बघायचं तेही वाचा, कारण ६० रुपयांत चुकीची आवृत्ती घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

डिस्नेचा पहिला पूर्ण लांबीचा स्नो व्हाइट १९३७ चा, पिनोकिओ आणि फँटासिया दोन्ही १९४० चे. हे तिन्ही जवळपास चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार आणि ते तसेच यायला हवेत. घरातलं कोणीतरी लगेच रिमोट घेऊन चित्र ताणतं आणि सातही बुटके रुंदीला दुप्पट होतात. त्या माणसाच्या हातून रिमोट काढून घ्या.

स्लीपिंग ब्यूटी (१९५९) नेमका उलटा. तो सुपर टेक्निरामा ७० या रुंद पद्धतीत चित्रित झाला. मागची जंगलं, किल्ले, उभ्या-आडव्या रेषांची झाडं ही आयविंड अर्ल या चित्रकाराची शैली, आणि ती कडेपर्यंत भरलेली आहे. कडा कापलेली, टीव्हीच्या चौकटीत बसवलेली आवृत्ती घेतलीत तर निम्मं जंगल तोडलं म्हणून समजा. २००८ मध्ये २.५५:१ (उंचीच्या अडीचपट रुंद) अशी पूर्ण चौकट असलेली आवृत्ती आली. खोक्यात एकापेक्षा जास्त असतील तर मागे २.५५ लिहिलेली शोधा. 'फुल स्क्रीन' लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. नाव फसवं आहे, फुल काहीच नसतं त्यात.

सोर्ड इन द स्टोन (१९६३) ब्ल्यू-रेवर दिसला तर ब्ल्यू-रे म्हणून हुरळून जाऊ नका. २०१३ ची ती आवृत्ती फिल्मचे कण पुसायच्या नादात इतकी घासलीय की त्याबरोबर पेन्सिलच्या रेषाही गेल्यात. जुनी डीव्हीडी चालेल.

ब्लॅक कॉल्ड्रन (१९८५) मोठ्या पोरांसाठी. डिस्नेच्या अ‍ॅनिमेशनपटांत अमेरिकेत पहिल्यांदा पीजी, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघावा असा शेरा मिळालेला. सांगाड्यांची फौज उठते ते दृश्य बघून माझा पुतण्या आमच्या देवघरात जाऊन बसला होता.

डिस्नेबाहेरचं काही असेल तर ते आधी उचला, कारण ते पुन्हा दिसत नाही. डॉन ब्लुथ १९७९ मध्ये काही सहकाऱ्यांसह डिस्नेमधून बाहेर पडला आणि १९८२ मध्ये सीक्रेट ऑफ निम्ह केला. त्याच साली लास्ट युनिकॉर्न आला. कंपनी अमेरिकन, पण चित्रं जपानच्या टॉपक्राफ्ट स्टुडिओत काढलेली. त्याच टॉपक्राफ्टने पुढे मियाझाकी या दिग्दर्शकाचा नौसिका (१९८४) केला आणि १९८५ मध्ये स्टुडिओ घिब्ली निघाला तेव्हा तिथली बरीच मंडळी तिकडे गेली. युनिकॉर्न बघून मग नौसिका बघा, झाडाझुडपांच्या रेषा ओळखीच्या वाटतील.

राल्फ बाक्षीचा लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९७८) घ्या, पण पोरांना आधीच सांगून ठेवा की गोष्ट अर्ध्यावर संपते. हेल्म्स डीपची लढाई झाली की खलास, पुढचा भाग त्याने कधी काढलाच नाही.

आणि वॉटरशिप डाउन (१९७८) कव्हरवरचे ससे बघून पाच वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका. रक्त आहे, फास आहे, श्वास कोंडून मेलेले ससे आहेत. ब्रिटनच्या सेन्सॉर मंडळाने तो इतकी वर्षं सर्वांसाठी म्हणून ठेवला होता, शेवटी २०२२ मध्ये शेरा बदलून पीजी केला. तसाच फँटास्टिक प्लॅनेट (१९७३). सुंदर आहे, पण पोरं झोपल्यावर.

चाकरमानी_डोंबिवली :
एवढं सगळं ६० रुपयांच्या डीव्हीडीसाठी?

फिल्मी_भुंगा :
हो. तुम्ही नाही का १०० रुपयांच्या बांगड्यांचे कल्ले उघडून बघत?

तिसऱ्या_कालवं :
१०० ला बांगडे कुठे मिळतात ते आधी सांगा.

दर्यावर्दी :
हर्णैला सकाळी लिलावाला या. पण १०० ला आता नाही बाबा.

संपादक :
मासळीच्या दरांचा धागा वेगळा आहे. इथे डिस्क.

मालवणी_मेवा :
मेल्यानु, डिस्क मगे बघा, आधी प्लेयर बघा. कुडाळात माझा रिपेरीचा दुकान हा, पावसाळ्यात धापैकी सात प्लेयर 'डिस्क वाचणा नाय' म्हणून येतत आणि डिस्क ठणठणीत असता. लेन्सवर बुरशी! आता जरा शुद्ध लिवतंय, नायतर मुंबयच्यांका कळूचा नाय.

तर कातळसडा, डिस्क अशी तपासायची. दुकानात ट्यूबलाइट असेल तर तिच्याखाली, नसेल तर मोबाइलची बॅटरी लावून डिस्क तिरकी धरायची. सरळ धरून काही दिसत नाही. चकचकीत बाजूला कडेकडून आत येणारी पांढुरकी नक्षी दिसली, दगडावरच्या शेवाळासारखी फांद्या फुटत गेलेली, तर ती बुरशी. वरवरची असेल तर धुवून जाते. पुसूनही डाग चांदीच्या थराच्या आत आहे असं वाटलं, किंवा डिस्क उजेडासमोर धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकली, तर ती परत ठेवायची. ती कोणी दुरुस्त करू शकत नाही, मीसुद्धा नाही.

ओरखडे. यात गंमत आहे. सीडी आणि व्हीसीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. म्हणून लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूला बॉलपेनने नंबर लिहून ठेवतात, तिथेच डिस्क मरते. डीव्हीडीत तो थर मधोमध असतो, दोन्हीकडे ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिक. लायब्ररीची डीव्हीडी वरून कितीही चरबटलेली दिसली तरी बहुधा चालते. ब्ल्यू-रेत थर खालच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, म्हणून त्यावर कडक लेप देतात. ब्ल्यू-रे ओरखडत नाही सहसा, पण ओरखडली तर लगेच बोंबलते.

दुसरं, खालच्या बाजूचा रंग. कारखान्यात ठशाने छापलेली डिस्क चंदेरी असते, दोन थरांची असेल तर जराशी सोनेरी. जांभळट झाक दिसली तर ती घरी किंवा कुठल्या तरी मागच्या खोलीत बर्न केलेली. कव्हर झकास छापलेलं असलं तरी माल नकली. त्यातला रंगद्रव्याचा थर आपल्या हवेत लवकर खराब होतो, त्यामुळे फुकट दिली तरी घेऊ नका.

पुसताना गोल गोल नाही. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. थेंबभर भांडी घासायचं लिक्विड साध्या पाण्यात, बोटाच्या पेराने, मग स्वच्छ पाणी आणि जुन्या मऊ धोतराचा तुकडा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर बिलकुल नाही, प्लॅस्टिक दुधाळ होतं. आणि ते टूथपेस्टचं खूळ कोणी काढलं त्याला शोधतोय मी.

आंबापोळी :
काका, लेन्स साफ करायची म्हणून ती ब्रशवाली डिस्क मिळते ती चालते का?

मालवणी_मेवा :
धुळीक चालता, बुरशेक नाय. बुरशी आसल्यार उघडूकच व्हया. आणि प्लेयरवर रेक्झिनचा कव्हर घालून ठेवू नका गे बायांनो, आत दमट हवा कोंडून रवता. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धो तास काय तरी लावून ठेवा, मशीन गरम झाली की ओल उडता.

वाशिष्ठीकाठ :
डिस्कवर भरवसा ठेवायला हरकत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं कपाट आडवं होऊन गाळात रुतलं होतं. पुस्तकं गेली, फ्रिज गेला, फोटोंचे अल्बम गेले. डीव्हीडी गाळातून काढून त्याच आठवड्यात धुतल्या, त्यातल्या बहुतेक आजही चालतात. कव्हरं मात्र एकही वाचलं नाही, सगळा लगदा. आता पांढऱ्या पाकिटांवर मुलीच्या अक्षरात नावं आहेत आणि काही नावं तिने चित्रांवरून अंदाजाने ठेवली आहेत. 'कासव आणि आजी' नावाचा सिनेमा मी अजून लावून बघितलेला नाही.

फिल्मी_भुंगा :
'कासव आणि आजी' हवाच मला. लावून सांगा काय निघतं ते.

कातळसडा :
मालवणी_मेवा काका, सलाम. दोन शंका. काही डिस्कच्या मागे पृथ्वीच्या गोळ्यात १ लिहिलंय, काहींवर २, एकावर ३. माझ्या प्लेयरवर चालतील? आणि तिथेच एक गृहस्थ म्हणाले की ऑनलाइन याच डिस्क ७५ टक्के सुटीत आहेत, इथे कशाला घेता.

दर्यावर्दी :
पहिल्याचं उत्तर मी देतो, जहाजावर असल्यामुळे हा त्रास भरपूर भोगलाय.

डीव्हीडीसाठी जगाचे तुकडे पाडलेत, त्यांना रिजन म्हणतात. अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, हाँगकाँग-कोरिया-आग्नेय आशिया ३, ऑस्ट्रेलिया-लॅटिन अमेरिका ४, आपण ५. गोळ्यात ० किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालते. तुमचा प्लेयर भारतात घेतलेला साधा असेल तर बरेचदा तो रिमोटवरून काही आकडे दाबून सगळ्या रिजनसाठी खुला करता येतो, मॉडेलचं नाव काकांना सांगा. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर मात्र जपून. तिथे रिजन पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यानंतर जो असेल तो कायमचा.

ब्ल्यू-रेचे तीनच भाग. अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, आपण सी. आणि ब्ल्यू-रे प्लेयर असे सहजी खुले होत नाहीत. म्हणून २०० रुपयांची ब्ल्यू-रे आधी मागे बघून घ्या. ४के डिस्कना हे रिजनचं लचांड नाही, पण त्या तुमच्या खोक्यात असायची शक्यता शून्य.

मी साउदम्प्टनला उतरलो की चॅरिटी शॉपमध्ये जातो. लोकांनी दान दिलेल्या डीव्हीडी पौंडाला, कधी त्याहूनही कमी. ब्रिटनची डीव्हीडी रिजन २ असली तरी पाल या टीव्ही-पद्धतीची, आपल्यासारखीच, त्यामुळे टीव्हीची तक्रार नसते. योकोहामात बुकऑफ या जुन्या मालाच्या दुकानात जुन्या डिस्कची अख्खी भिंत असते. जपानी डिस्क महाग, पण ठेवलेल्या अशा की नव्या वाटाव्यात. तिथे एकच बघायचं, इंग्रजी सबटायटल आहेत का. नसतील तर आमच्या बोसनसारखं (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमासारखं) होतं. तो नुसती चित्रं बघून शेजारच्याला गोष्ट सांगत बसतो, आणि ती गोष्ट सिनेमापेक्षा बरी असते.

फिल्मी_भुंगा :
पाल डीव्हीडीबद्दल एक भर. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पाल २५ चा. म्हणून पाल डिस्कवर सिनेमा चार टक्के वेगाने पळतो, १०० मिनिटांचा ९६ मध्ये संपतो. कव्हरवर वेळ कमी दिसली म्हणून कापाकापी झाली असं समजू नका. आवाज किंचित चढा लागतो, पण पोरांना काही कळत नाही. मला कळतं आणि मग दिवसभर डोक्यात राहतं.

आता ती ७५ टक्के सूट. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

भारतात छापलेल्या डीव्हीडीच्या मागे एमआरपी असते, ३९९ किंवा ४९९ असं काहीतरी. एका साइटवर एका विक्रेत्याने तीच डिस्क, तेच कव्हर, ३,९९९ किंमत खोडून ९९९ ला लावली होती. झाली ७५ टक्के सूट! फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात छापील ३९९ स्पष्ट दिसत होते. मी कळवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने फोटो बदलला. किंमत तीच.

सवलत म्हणजे काय ते २००७ मध्ये आपण बघितलंय. मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा एसटी स्टँडवरच्या पायरसीवाल्यांची पंचाईत झाली होती. त्यांच्यापेक्षा फार महाग नाही आणि डिस्क खरी. ती कंपनी बुडाली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-डिस्कचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. सॅमसंगने ब्ल्यू-रे प्लेयर काढणं थांबवलं, मग एलजीनेही. तेव्हा आता जे स्वस्त आहे ते शेवटचं खळं झाडून निघालेलं आहे आणि जे महाग आहे ते टंचाईच्या नावाखाली फुगवलेलं. डिस्ने तर पूर्वी मुद्दाम टंचाई करायची. एखादा जुना सिनेमा काही वर्षं बाजारातून काढून घ्यायचा, मग 'तिजोरीतून बाहेर' म्हणून पुन्हा आणायचा. २०१९ मध्ये त्यांचं स्वतःचं ओटीटी आल्यावर त्या नाटकात काही अर्थ उरला नाही, पण त्या काळच्या आवृत्त्यांच्या फुगवलेल्या किमती अजून तशाच फिरतात.

थोडक्यात, टक्के वाचू नका. डिस्क कुठली, चौकट कुठली, भाषा कुठली, अवस्था काय, आणि हातात किती पैसे पडले, एवढंच.

सुरंगीचा_वळेसर :
माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. तिकडे सेलमध्ये ५-६ डॉलरला मिळतात म्हणाला. गिफ्ट लिहून पाठवायला सांगू का? ड्युटी लागणार नाही ना?

दर्यावर्दी :
डिसेंबर २०१९ पासून ती सवलत गेली. पोस्टाने किंवा कुरियरने आलेल्या भेटवस्तूंत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं सुटतात. पोस्टमन दारात येऊन ड्युटी मागेल आणि त्यात पाठवणावळ धरली की ५ डॉलरची डिस्क सोन्याच्या भावात पडेल. भाऊ गणपतीला येणार असेल तर बॅगेत आणू दे. आणि रिजन १ आहे हे विसरू नका.

आंबापोळी :
मी दापोलीकडच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे नेट असून नसल्यासारखं, त्यामुळे प्रोजेक्टरला डीव्हीडी प्लेयर जोडलेलाच आहे. पोरांबद्दलचा माझा अनुभव सांगते.

तिसरी-चौथीची मुलं इंग्रजी संवादांनी कंटाळतात असं सगळे म्हणतात. ती कंटाळतात ते लांबलचक गाण्यांना. संवाद कळले नाहीत तरी चित्र बोलत असेल तर ती हलत नाहीत. तोतोरो (१९८८) लावला तेव्हा बसस्टॉपवर पाऊस पडतोय, दोन बहिणी छत्री घेऊन उभ्या आहेत आणि शेजारी ते धूड येऊन उभं राहतं, त्या पाच मिनिटांत वर्गात चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, यांच्याकडेपण एसटी उशिरा येते."

सगळ्यात भाव खाऊन गेला तो मात्र मुका सिनेमा. लोटे रायनिगर या जर्मन बाईंचा प्रिन्स अहमद, १९२६ चा. आज उपलब्ध असलेल्यांत हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. काळ्या कागदाच्या कात्रीने कापलेल्या आकृत्या, सांधे तारेने जोडलेले, खालून उजेड, आणि एकेक चौकट हलवून चित्रित केलेली. मी मुलांना काही सांगायच्या आत एक मुलगी म्हणाली, "आमच्या मामाच्या गावाला असंच करतात." मामा पिंगुळीचा. तिथे ठाकर समाजातले कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा छाया-खेळ करतात, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगायची चित्रकथीही. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसऱ्या दिवशी मुलांनी जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून राक्षस केला, त्याचे हात टाचणीने हलतात. तर कातळसडा, त्या खोक्यात ही काळ्या आकृत्यांची डिस्क असेल तर भाषा-बिषा न बघता घ्या.

सुरंगीचा_वळेसर :
शाळेत अशी डीव्हीडी दाखवलेली चालते का? डिस्कवर 'फक्त घरगुती वापरासाठी' लिहिलेलं असतं.

आंबापोळी :
शाळेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील तर कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, कलम ५२ मध्ये. गणपतीत मंडपात पडदा लावून गावाला दाखवायचा असेल तर मात्र हक्क ज्यांच्याकडे त्यांची परवानगी लागते.

हापूस_नव्हे_पायरी :
रामायण कोणी सुचवलं नाही अजून! जपानच्या युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांच्याबरोबर केलेलं. लहानपणी टीव्हीवर बघितलंय, हिंदीत रामाचा आवाज अरुण गोविलचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा. जानेवारी २०२५ मध्ये ४के करून थिएटरात परत आलं होतं. आजीसकट सगळ्यांना चालणारी फँटसी हीच.

फिल्मी_भुंगा :
रास्त. फक्त स्वस्तात दिसली तर जांभळी बाजू तपासा. या सिनेमाच्या नकला पूर्वी उदंड फिरल्यात.

कातळसडा :
जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, आणि दुकानदारांची माफी, कारण मी बॅटरी लावून एकेक डिस्क तिरकी करायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "एक्स-रे काढताय काय?" मग स्वतःच स्टूल घेऊन शेजारी बसले आणि कुठली डिस्क किती वेळा भाड्याने गेली ते सांगत बसले. लायन किंग गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आलीय. युनिकॉर्न कोणी नेलीच नाही, ती अजून कोरी आहे.

ती घेतली. निम्ह घेतली. पिनोकिओ घेतली. स्लीपिंग ब्यूटी दोन होत्या, एक फुल स्क्रीन आणि एकीच्या मागे बारीक अक्षरात २.५५, ती घेतली. ब्लॅक कॉल्ड्रनच्या कडेला बुरशी आहे, पण नक्षी वरवरची वाटली, २० रुपयांत दिली त्यांनी. वॉटरशिप डाउनचं कव्हर खरंच गोंडस आहे. बाहेर ठेवायची नाही असं ठरवून घेतलीय. बाक्षी नव्हता. काळ्या आकृत्यांचीही नव्हती. रामायण होतं, जांभळंगार, ठेवून दिलं. घिब्लीची एकच, स्पिरिटेड अवे, गोळ्यात ३. ब्ल्यू-रे सगळ्या ए आणि बी, हात लावला नाही.

एकगठ्ठा म्हणून डीव्हीडी ४५ ने लावल्या. घरी आणून धुतल्या, आता ओटीवर पंख्याखाली ओळीने पडल्यात आणि आई विचारतेय पापड कसले.

आता ठेवायच्या कशात? लाकडी कपाट आहे, पण ते पश्चिमेच्या भिंतीला.

मालवणी_मेवा :
पश्चिमेच्या भिंतीक नको रे बाबा! पावस थयसूनच मारता.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, बिस्किटाचा चालेल. कव्हरातले छापील कागद काढून वेगळे ठेव, ओल आधी कागद ओढतो आणि मग बुरशी तिथून डिस्कवर येते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. केशरी दाण्यांची मिळते ती घे. ओल प्यायली की रंग बदलतो, मग मंद आचेवर गरम केली की पुन्हा कोरडी होते. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, पोरांच्या घरात ती नको. आणि कुठलीही असो, भाकरीच्या तव्यावर भाजू नकोस, वेगळा पत्रा ठेव. डबा दर पंधरवड्याला उघडून बघायची गरज नाही. जितका उघडशील तितकी हवा आत जाईल.

स्पिरिटेड अवे लावून बघ. 'रिजन एरर' इला तर प्लेयरचो नंबर हय लिव.

कातळसडा :
आलाच. 'चुकीचा रिजन'. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

मालवणी_मेवा :
मेळलो. कोड पाठवलंय. ट्रे उघडो ठेवनच दाबूचो.

कातळसडा :
चाललं! जपानीत आवाज, इंग्रजी सबटायटल, आणि वर चिनी अक्षरांचा मेनू. कुठलं बटण कशाचं ते मोठ्या पुतण्याने अंदाजाने शोधलं.

चाकरमानी_डोंबिवली :
बरं, मी काही डिस्कवाला नाही, पण सहज विचारतो. तो लायन किंग राहिलाय का तिथे? आणि फुल स्क्रीनवाली दुसरी स्लीपिंग ब्यूटी? मुलीला मागची जंगलं नकोत, तिला फक्त ड्रॅगन हवाय.

फिल्मी_भुंगा :
ड्रॅगनचे पंखच कडेला कापले जातात हो!

कातळसडा :
दोन्ही आहेत अजून. लायन किंगवर ओरखडे भरपूर, पण काकांच्या हिशोबाने चालायला हवी. शनिवारपर्यंत गाळा उघडा असेल म्हणाले. सकाळी साडेदहानंतर जा आणि एकच्या आत जा. एकला ते जेवायला घरी जातात आणि दुपारी परत येतीलच असं नाही.